शेवटच्या घटकेची जोडी

१२ फेब्रुवारी, रविवार

चौदा वेळा! मी मोजलं. दीड तासात माझ्या नवऱ्याने त्या बाईच्या तोंडाकडे चौदा वेळा टक लावून पाहिलं. डोळ्यांकडे नाही, गळ्याकडे नाही — ओठांकडे! सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्या ओठांकडे इतकं निरखून पाहिल्याचं मला तरी आठवत नाही.

आठ महिने दर रविवारी हा जातो कुठे ते एकदा बघावं म्हणून गेले होते. लॉन्ड्रीच्या वरचा हॉल. खाली कपड्यांची मशिनं घुमताहेत आणि वर तीस-बत्तीस माणसं चटयांवर बसून जग संपायची वाट बघताहेत. १९ मार्च, सकाळी अकरा चाळीस. फळ्यावर खडूने लिहून ठेवलंय, शाळेत परीक्षेची तारीख लिहितात तसं.

मुख्य माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा होता, आता निवृत्त. सगळे त्याला 'लिफ्टवाले' म्हणतात, तेही अगदी आदराने. बावीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम केलं, तिथे त्याला पृथ्वीची घरघर ऐकू आली म्हणे. ती घरघर दर वर्षी खाली खाली उतरतेय. ती थांबली की सगळंच थांबणार. त्या क्षणाला ते 'घटका' म्हणतात. बाकी मंडळी काय सांगावी! एक चंद्र पोकळ आहे म्हणणारा. एक डोक्याला चंदेरी कागद गुंडाळून येणारी. नोकऱ्या सोडलेले, घड्याळं फेकून दिलेले, अनवाणी हिंडणारे. आणि त्यांच्यात आमचे साहेब! पियानो सुरात लावून देणारा, चार शहाण्यांत गणला जाणारा माणूस. घरघर ह्यालाही ऐकू येते. "सूर उतरतोय गं सगळ्याचा," असं गेल्या वर्षी मला म्हणाला होता. मी पोट धरून हसले होते. तेव्हापासून मला काही सांगत नाही.

त्यांची बोलायची पद्धतसुद्धा न्यारी. दोघांनी समोरासमोर बसायचं, गुडघ्याला गुडघा, आणि एकेकाने सावकाश बोलायचं. शेवटचे शब्द वाया जाऊ नयेत म्हणून! ह्याच्या समोर कोण बसलं? तीच. पोहायला शिकवते कुठेतरी. ताठ पाठ, लांब मान. मी तिचं नाव बगळी ठेवलंय.

१३ फेब्रुवारी, सोमवार

तोंडं हा माझा धंदा. कवळ्या बनवते, एकेकटे दात बनवते, दातांच्या डॉक्टरांना पोचवते. त्यामुळे खोटं लिहिणार नाही — बगळीचे दात सुरेख आहेत. वरचा एक सुळा जरा पुढे आहे, तेवढंच. तोही तिला शोभतो, मेली!

आज कामाच्या टेबलावरून ह्याला तीन हाका मारल्या. मेण तापत होतं, उठता येत नव्हतं. हा शेजारच्या खोलीत खिडकीशी बसलेला. ओ नाही! चौथ्यांदा किंचाळले तेव्हा वळला. "काय?" म्हणे. काय म्हणजे? पूर्वी मी कूस बदलली तरी ह्याला कळायचं. आता बायको म्हणजे पंखा झालाय, फिरतोय तर फिरतोय.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

ताईचा फोन. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, वेड लागलंय त्याला, तू कशाला लावून घेतेस? एकोणीस तारीख गेली की येईल ताळ्यावर."

एकोणीस तारखेची मला भीतीच नाही, असं म्हटलं तिला. ऑगस्टपासून ह्याने कामं घेणं बंद केलंय, जग संपणार तर पियानो कशाला लावायचे म्हणून — तेही मी सोसलं. माझ्या कवळ्यांवर घर चाललंय, चालू दे. पण घरात हा माझ्याकडे बघत नाही गं ताई! जेवताना बघत नाही. बोलताना ताटाकडे बघतो. आणि तिथे त्या बाईच्या तोंडात शिरतो नुसता.

ताई म्हणाली, "दिसायला कशी आहे?" बहीण असावी तर अशी.

१९ फेब्रुवारी, रविवार

तळपायाची आग मस्तकात गेलीय.

आज जोड्या लागल्या. घटका भरेल तेव्हा दोघादोघांनी समोरासमोर बसायचं, हातात हात धरायचे आणि घरघर थांबली की दोघांनी एकदम हात सोडायचे. जो सोडणार नाही तो अडकला. कुठे अडकला ते कुणी सांगत नाही. जोडीदाराचं नाव ज्याचं त्याने चिठ्ठीवर लिहून द्यायचं.

ह्याने बगळीचं नाव लिहिलं. स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात. मी बाजूला बसले होते. मला वाटलं, लिहून झाल्यावर तरी माझ्याकडे बघेल. नाही.

मी चिठ्ठी कोरीच दिली, म्हणून माझ्या वाट्याला चंद्र पोकळवाला आला. त्याच्या हाताला घाम येतो.

२० फेब्रुवारी, सोमवार

जग बुडायचं तर बुडू दे, पण हा तिचा हात धरून का बुडणार?

२२ फेब्रुवारी, बुधवार

विचारलं शेवटी. समोर जाऊन उभीच राहिले. "तीच का?"

हा खाली बघून म्हणाला, "ओढ नसलेला माणूस घ्यायचा असतो. तिची मला ओढ नाही. म्हणून."

वा! म्हणजे आम्ही काय दुधखुळे? ओढ नाही तर मंगळवार-शुक्रवार दुपारी कुठे जातोस? ते मी मनात म्हटलं. तोंडाने एवढंच म्हटलं, "आणि माझी?"

चप्पल घालून बाहेर गेला. पटकन 'आहे' म्हणता आलं नसतं? दोन अक्षरं!

२६ फेब्रुवारी, रविवार

लिफ्टवाल्यांना गाठलं. म्हटलं, मला माझ्या नवऱ्याची जोडी हवी. ते माझ्यासमोर मांडी घालून बसले. माणूस वाईट नाही, पण सावकाश बोलून जीव खातो.

"नवरा-बायको आम्ही धरत नाही," म्हणाले. "ओढीने हात सुटत नाहीत. मात्र ओढ संपली असेल तर हरकत नाही. तसा कागद लिहून आणा. सगळ्यांसमोर वाचावा लागेल. आणि बाई, पोकळ लिहू नका. पोकळ आम्हाला कळतं."

म्हणजे त्याचा हात मिळावा म्हणून त्याचा हात मला नकोय असं लिहून द्यायचं! कसली माणसं आहेत ही! घरी येईपर्यंत एकटीच हसत होते आणि दारात किल्ली लावताना रडू आलं.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

आज त्याच्या मागे गेले. लाज वाटली, पण गेले.

पोहण्याचा तलाव. बाहेरून जाडी काच, आत वाफ. सात-आठ मुलं पाण्यात. एवढी मुलं पण आरडाओरडा कसा तो नाही, नुसती हात हलवून एकमेकांशी खेळत होती. कडेच्या बाकावर हे दोघं. बगळी बोलत होती आणि हा तिच्या ओठांना डोळे लावून बसलेला. आणि मग — माझ्या डोळ्यांनी पाहिलं — तिने ह्याचा हात उचलला आणि ह्याची बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली. गळ्यावर! भर दुपारी! मुलांसमोर! हा डोळे मिटून बसला. चेहऱ्यावर असं काही होतं, जे पूर्वी एखादी तार बरोब्बर सुरात लागली की असायचं.

घरी कशी आले मला माहीत नाही. एका कवळीचे पुढचे दात उलटे लावले. डॉक्टरांचा फोन येईल आता.

१ मार्च, बुधवार

लिहिणार. सोडणार नाही मी. शेवटचा हात माझाच असणार, मग जग संपो न संपो.

आणि मला भीती कसली? ह्याचा कान काय आहे ते मला ठाऊक आहे. एकदा ताई फोनवर नुसतं 'बरी आहे' म्हणाली तर हा पलीकडच्या खुर्चीतून म्हणाला होता, "ती रडलीय आत्ता." आणि खरंच रडली होती. माझं खोटं तर ह्याला पहिल्या शब्दाला कळतं. तेव्हा लिहायचं ते लिहू. शब्द लिफ्टवाल्यांसाठी, आवाज ह्याच्यासाठी. ह्याला आवाजात कळेल की बाई वेड्यासारखी जीव लावून बसलीय.

४ मार्च, शनिवार

पहिला कागद परत आला. "पोकळ आहे," लिफ्टवाले म्हणाले. "खरं काही नाही ह्यात."

मग बसले दुपारी आणि खरं लिहिलं. माझी आई गेली त्या आठवड्यात हा कुठल्याशा गायिकेचा पियानो लावायला गावोगाव फिरत होता, ते लिहिलं. मी दोन वर्षं दुखणं काढलं तेव्हा माझ्या खोकल्याचा सूर कुठला ते ह्याने सांगितलं होतं, ते लिहिलं. तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो, हे नाही लिहिलं. भराभरा तीन पानं झाली. इतकं सहज कसं झालं ह्याची जरा धास्तीच वाटली. शेवटी लिहिलं — त्याची वाट बघणं मी केव्हाच सोडलं आहे. तो घरात असला काय नसला काय, मला फरक पडत नाही. त्याचा हात माझ्या हातात आला तर मला तो कुणाचाही हात वाटेल.

ह्यातलं शेवटचं धादांत खोटं. जिन्यात पाऊल वाजलं की अजून माझ्या हातातलं काम थांबतं.

५ मार्च, रविवार

वाचला.

उभं राहून वाचायचा होता. सगळे बघताहेत. माझा चेहरा इतका तापला की मी कागद तोंडापुढे धरला आणि त्याच्या आडून वाचलं. पहिलं पान धड गेलं. शेवटच्या ओळींना आवाज असा फुटला की चंदेरी कागदवाली हुंदके द्यायला लागली. पाळण्यातल्या मुलालाही कळलं असतं की ही बाई खोटं बोलतेय!

कागद खाली केला. हा माझ्याकडे बघत होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्या चेहऱ्याकडे. सगळ्यांनी मान हलवली, ह्यानेही हलवली. कळलं ह्याला! कळलंच! हलकं हलकं वाटलं मला.

लिफ्टवाले म्हणाले, "आवाज हलला, पण ओझं उतरताना हलतोच." आणि कागद बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिला. आधीच्या सगळ्या कागदांबरोबर.

६ मार्च, सोमवार

मिळाला! यादीत ह्याच्या नावापुढे माझं नाव. बगळीला दिला चंद्र पोकळवाला. बसा आता घाम पुसत.

११ मार्च, शनिवार

हा माझ्याशी फार चांगला वागतोय. चहा करून देतो. टेबलावरचं प्लास्टर पुसून ठेवतो. ओला टॉवेल वाळत घालतो — सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! 'आभारी आहे' म्हणाला काल. बायकोला कुणी आभारी आहे म्हणतं?

मला वाटलं होतं एकदा तरी जवळ येऊन म्हणेल, खोटारडे, कळलं बरं मला सगळं. वाट बघतेय. घटकेच्या वेळी म्हणेल कदाचित.

मंगळवार-शुक्रवार मात्र चालूच आहे. जाऊ दे तिकडे. यादीत माझं नाव आहे.

१८ मार्च, शनिवार

ताई म्हणाली, उद्या जेवायला या दोघं, जग राहिलं तर. मी म्हटलं, येतो.

१९ मार्च, रविवार

जग आहे. मीही आहे.

अकरा वाजता सगळे बसले. मी त्याच्यासमोर, गुडघ्याला गुडघा. हात हातात. सव्वीस वर्षांचा ओळखीचा हात, अंगठ्याला तारा पिळायची किल्ली फिरवून फिरवून पडलेला घट्टा. तिरक्या डोळ्यांनी पाहिलं — बगळी चंद्र पोकळवाल्यासमोर बसलेली. मला इतका आनंद झाला की वाटलं, जगाचा अंत असा असेल तर रोज व्हावा.

बरोब्बर अकरा चाळीसला खालची मशिनं थांबली! एकदम सगळं गप्प. चटईखालचा थरथराट थांबला. कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला. लिफ्टवाल्यांनी हात वर केला. आणि ह्याने माझा हात सोडला.

सोडला म्हणजे कसा? उसनी आणलेली वस्तू परत द्यावी तसा. माझी बोटं सुटेनात. ह्याने एकेक बोट हळूच सोडवलं.

मिनिटभराने खाली कुणीतरी पुढचे कपडे टाकले आणि मशिनं परत घुमायला लागली. कुणी हसलं, कुणी रडलं. चंदेरी कागदवालीने डोक्यावरचा कागद काढून त्याची घडी घातली. लिफ्टवाले फळ्यावरची तारीख पुसत उभे राहिले, पुसतच राहिले. मला त्यांची दया आली.

ताईकडे जेवायला गेलो नाही. हा म्हणाला, तू जा. मीही नाही गेले. दिवसभर बोटांकडे बघत बसले. इतका सहज कसा सोडला ह्याने?

२० मार्च, सोमवार

तिच्यापायी. दुसरं काय असणार! माझ्यासमोर बसून तिचाच विचार करत असेल.

२२ मार्च, बुधवार

सगळं नीट लिहिते.

दुपारी दार वाजलं. बगळी! केस ओले, दम लागलेला. हा घरात नव्हता. मी दार अर्धंच उघडलं. ती म्हणाली, "बाई, मी त्यांना दिलेला शब्द मोडायला आलेय. आत घ्या."

आत घेतलं. खुर्चीत बसली आणि सवयीने माझ्या समोर सरकली.

तिने सांगितलं, ह्याला ऐकू येत नाही. दोन वर्षांपासून कान जाताहेत, दोन्ही. ऑगस्टमध्ये एका मोठ्या हॉलमधून ह्याला परत पाठवलं — वरच्या पट्टीतल्या तारा ऐकूच येईनात. बगळीच्या तलावावरची ती मुलं जन्मापासून ऐकू न येणारी आहेत. ती त्यांना पोहायलाही शिकवते आणि ओठ वाचायलाही. ह्याने हातापाया पडून तिच्याकडून शिकायला घेतलं. गळ्यावर बोटं ठेवायची ती आवाजाचा कंप कळावा म्हणून!

"घरघर त्यांना खरीच वाटली होती सुरुवातीला," ती म्हणाली. "आपला कान जातोय यापेक्षा जग जातंय हे सोपं असतं. नंतर कळलं त्यांना. तरी येत राहिले. तिथे सगळे समोर बसून सावकाश बोलतात ना, त्यांना समजायचं."

मग घरी माझ्याकडे का बघत नाही, असं मी विचारलं. तर म्हणाली, "घाबरतात तुम्हाला. तोंडं बघणं हा तुमचा धंदा. ओठ वाचतोय हे तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं असतं. आणि त्यांचं म्हणणं, माझ्या कानावर जीव टाकला होता हिने, कान गेल्यावर उरलं काय?"

मी म्हटलं, "आणि चिठ्ठीवर तुझं नाव?"

"तुमचा हात धरला तर सोडता येणार नाही म्हणाले होते. म्हणून माझं लिहिलं."

एवढा मत्सर केला मी ह्या पोरीचा! एवढं माप काढलं तिच्या दातांचं!

मग एकदम आठवलं. म्हटलं, "मी तो कागद वाचला तेव्हा?" ती म्हणाली, "तोंडापुढे होता की कागद तुमच्या. त्यांना एक शब्द कळला नाही. लोकांनी मान हलवली म्हणून हलवली."

ऐकलंच नाही त्याने! मी तिच्या ओल्या डोक्याचा मुका घेतला. खरंच घेतला. ती दचकली.

उद्या सकाळी उजेडात, खिडकीशी बसवणार त्याला. समोर. गुडघ्याला गुडघा. सगळं सांगणार, सावकाश.

२३ मार्च, गुरुवार

सकाळी मी खुर्च्या खिडकीशी लावत होते. हा बॅग भरून बाहेर आला आणि माझ्या टेबलावर, प्लास्टरच्या धुळीत, तो कागद ठेवला. तीन पानं. घड्या पडून मऊ झालेली.

"त्याच दिवशी मागून घेतला होता लिफ्टवाल्यांकडून," म्हणाला. "तू वाचलंस ते मला ऐकू आलं नव्हतं. मग जिन्यात बसून वाचला. पुष्कळदा वाचला. तुझं काही चुकलेलं नाही. माझ्या दादाकडे जातो."

मी ओरडले — खोटं आहे रे ते! आवाज ऐकायचा होता त्यातला! सगळं सगळं बोलले. हा कागदाकडे बघत होता. मग बॅग उचलली आणि वळला.

मी वरच्या पायरीवर उभी राहून हाका मारत राहिले, पाठमोऱ्या माणसाला. धावत जाऊन समोर उभं राहावं हे सुचलं तेव्हा खालचं दार लागलं होतं.